सुवर्णाचं रीडिंग खरं होतं

भालकीत सुवर्णाची गोष्ट कुणीही सांगतं. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून तिचं नाव काढा, चहा येईपर्यंत गोष्ट पूर्ण होते. दोरीवाल्या कल्लप्पाची पोरगी. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेत खोटं रीडिंग लिहिताना सापडली, नापास झाली, वर्षभर बापाच्या दुकानात दोऱ्या विकत बसली, मग डोळे उघडले, जिद्दीनं शिकली आणि आता जर्मनीत मोठी शास्त्रज्ञ आहे. गोष्ट चांगली आहे. मुलांना सांगायला तर फारच चांगली. त्या गोष्टीतली एकच बाब खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे भालकीत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक सुवर्णा. दुसरा मी.

मी त्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे, तेव्हा लिहायचं ते आताच लिहिलेलं बरं. नुसती कबुली द्यायची असती तर चार ओळींत काम झालं असतं. पण चार ओळींत सुवर्णा मावत नाही. ती कुठल्याच गोष्टीत नीट मावायची नाही.

उंच, हडकुळी, पाठीवर जाड वेणी, आणि हसू नेहमी बोलण्याच्या आधी येणारं. विनोद काय आहे ते कळायच्या आतच समोरचा हसायला लागलेला असायचा. तिला हळू काही करता येत नसे. दार उघडायची तर कडी खुळखुळायची. प्रयोगशाळेतलं प्रत्येक स्टूल तिनं एकदा तरी गदागदा हलवून बघितलेलं होतं, आणि जे कुरकुरलं त्याच्यावर खडूनं फुली मारलेली होती. पानात मिरची वाढली की ती आधी मिरचीच चावायची. तिखट निघाली की डोळ्यांतून पाणी गळतंय, नाक लाल झालंय, आणि ही हसत म्हणणार, "आता कळलं कुठल्या शेतातली हाय ते."

असं कामून करतेस म्हणून मी एकदा विचारलं. तेव्हा तिनं जे सांगितलं ते पुढे कितीदा तरी तिच्या तोंडून ऐकलं, मराठीत, कन्नडमध्ये, आणि एकदा जर्मनीहून आलेल्या एका पाहुण्याला इंग्रजीतही: "हळू ढकललं की सगळे सारखेच वागतात, सर. कोण कसं हाय ते जोरात ढकलल्यावर कळतंय."

तिचं घर म्हणजे बाजारातलं दोऱ्यांचं दुकान आणि त्याच्या मागचं अंगण. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक मुसलमान मोहल्ल्यातलं असेल तर दखनी. दाराशी काथ्याची भेंडोळी, खुंट्यांना कासरे आणि दावी, आत अंबाडीचा कोंदट, गोडसर वास. वडिलांना सगळी भालकी कल्लप्पाअण्णा म्हणायची. नागपंचमीच्या आधी झोक्याचे जाड दोर, म्हणजे सोल, विकत घ्यायला लोक यायचे, तेव्हा अण्णा वकिलासारखी उलटतपासणी करायचे. कोण बसणार? झाड कुठलं? फांदी केवढी? आंब्याला बांधणार असं कुणी म्हणालं की सोल परत भेंडोळ्यात. आंब्याची फांदी दगा देते, चिंच मिळाली की या, असं सांगून गिऱ्हाईक वाटेला लावायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे सुवर्णाच्या अव्वाला, ह्या उलटतपासणीचा फार राग होता. दुकान चालवायलाव का कोर्ट, असं ती आतून विचारायची.

मागच्या अंगणात मोठी चिंच होती. पंचमीला अण्णा स्वतः तिला झोका बांधायचे आणि गल्लीतल्या माहेरवाशिणी दिवसभर त्यावर असायच्या. त्या गल्लीची एक रीत होती; दुसरीकडे मी ती पाहिली नाही. ज्यांच्यात वर्षभर काही बिनसलं असेल त्यांनी त्या दिवशी झोक्यापाशी यायचं. ज्याचं चुकलं त्यानं बसायचं, ज्याचं दुखलं त्यानं ढकलायचं. बसलेल्यानं पुरे म्हणायचं नाही. पुरे म्हणायचं ते ढकलणाऱ्यानं. मग दोघांनी शेंगदाण्याचे लाडू खायचे आणि विषय संपला. सासू-सुना, जावाजावा, भाऊबंद, सगळे त्या फांदीखालून गेलेले मी पाहिले आहेत. एकदा एका जाडजूड सासूला तिच्या किरकोळ सुनेनं इतकं ढकललं की सासू वरून ओरडून घरच्या किल्ल्या द्यायला तयार झाली. सून तरी पुरे म्हणेना.

अशा अंगणात वाढलेली मुलगी माझ्या वर्गात आली, आणि मी लंबक शिकवला.

लंबक थोडा ओढून सोडा की जास्त ओढून सोडा, एका झोक्याला लागणारा वेळ तोच, असं मी दरवर्षी सांगायचो. पुस्तकात ह्या वाक्याला एक अट जोडलेली असते: झोका लहान असेल तर. ती अट मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचो आणि पुढच्या गणितासाठी जागा लागली की पुसायचो. त्या दिवशी सुवर्णा उभी राहिली. "सर, पंचमीला तसं होत न्हाई. झोका लई वर गेला की वेळ जास्त लागतोय. वर गेल्यावर थांबल्यागत होतंय."

मी म्हणालो की तुझ्या पोटात गोळा येतो, म्हणून तसं वाटतं. वर्ग हसला. सगळ्यात जास्त तीच हसली. मला वाटलं, पटलं तिला.

आमच्या प्रयोगशाळेचा एक रिवाज होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. उपकरणं जुनी होती. लंबकाचा दोरा गाठी मारलेला, घड्याळं मनाला येईल तशी चालणारी. उत्तर चुकलं की मुलांचे गुण जायचे. म्हणून प्रत्येक प्रयोगाचं एक बरोबर उत्तर देणारं रीडिंग मी तयार करून ठेवलं होतं. मुलं त्याला 'डिपार्टमेंटचं रीडिंग' म्हणायची. परीक्षेत लंबक तासभर हलवायचा, तपासनीस जवळ आला की घड्याळाकडे बघायचं, आणि उत्तरपत्रिकेत डिपार्टमेंटचं रीडिंग लिहायचं. ह्यात कुणाला काही गैर वाटत नसे. आसपासच्या कॉलेजांतही तेच चालायचं. मुलं पास व्हायची, पालक लाडू द्यायचे.

सुवर्णा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, देशात सगळं बदलायला लागलं होतं, बाजारात नायलॉनची दोरी नुकतीच आली होती. परीक्षेला बाहेरून एक कडक गृहस्थ आले. तिच्या वाट्याला लंबक आला. तिनं नवा दोरा घरून आणला होता. ती दोरीवाल्याची मुलगी होती. घड्याळही आधी तपासून घेतलं. सांगितलेली सगळी मापं तिनं खरोखर घेतली, आणि वेळ उरला म्हणून लंबक जोरात, पार बाजूला ओढून आणखी मापं घेतली. खाली लिहिलं की झोका मोठा झाला की वेळ वाढतो.

तपासनिसांनी मला बाजूला बोलावलं. लंबकाच्या बाकी सगळ्या उत्तरपत्रिका एकमेकींना जुळत होत्या आणि हीच तेवढी वेगळी होती. ही मुलगी काय लिहून बसली आहे, खरंच मोजलं का हिनं, असं त्यांनी विचारलं. तिचं खरं आहे हे मला माहीत होतं. फिजिक्सच्या कुठल्याही मास्तराला माहीत असतं. पण तिचं खरं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न बाकीच्या सगळ्यांचा आला असता, आणि त्या रीडिंगवर माझंच अक्षर होतं. मी म्हणालो, "मनानं लिहिलं असेल."

तेवढंच. ती नापास झाली. खोटं रीडिंग लिहिलं म्हणून नापास झाली, हे कॉलेजात पसरायला दुपार पुरली, आणि गावात संध्याकाळ.

पुढचं वर्ष ती दुकानात बसली. तिथंही तिचा स्वभाव गेला नाही. अण्णा झाडाची चौकशी करायचे, ही दोरीची करायची. दुकानाच्या तुळईला दोरी बांधून गिऱ्हाइकासमोर तिला लोंबकळायची, झोके घ्यायची, आणि दोरी कण्हते कशी ते ऐका म्हणायची. नव्या नायलॉनच्या दोरीवर गावाचा विश्वास नव्हता. तिनं एक दिवस अंबाडीचा सोल आणि नायलॉनचा सोल शेजारी टांगून दोन्हींवर गल्लीतल्या पोरी बसवल्या. हळू झोका घेतला तर दोन्ही सारखे. जोरात घेतला तर नायलॉन ताणला जाऊन हिसका द्यायचा आणि वरची पोरगी किंचाळायची. बाजार गोळा झाला. अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले की हिनं दोन्ही दोऱ्यांचं गिऱ्हाईक घालवलं. खरं तर त्या हंगामात दुकानात उभं राहायला जागा नव्हती.

माझ्या आडाचा दोर त्याच वर्षी तुटला. दुसऱ्या दुकानात जावं असं मनात होतं, पण दुसरं दुकान भालकीत नव्हतं. तिनं मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, स्वतः निवडून दोर दिला, घरी नेऊन कसा बांधायचा ते समजावून सांगितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. अव्वा आतून आली आणि पंचमीला या म्हणाली, मास्तर, झोक्याला या. मी गेलो. लाडू खाल्ला. झोक्यावर बसा म्हणाले तेव्हा मला चक्कर येते असं सांगितलं. पुढे दरवर्षी बोलावणं आलं, आणि दरवर्षी मला चक्कर आली.

पुढच्या परीक्षेत ती पास झाली, एम.एस्सी.ला कलबुर्गीला गेली. तिथून बेंगळुरूला, तिथून जर्मनीला. तोवर गल्लीतली निम्मी पोरं पुण्याला आणि हैदराबादला गेली होती, आडांवर पंप बसले होते, आणि दुकानाला खेटून एसटीडी बूथ निघाला होता. सुवर्णाचा फोन त्या बूथवर यायचा. बूथवाला रस्त्यावर येऊन हाक मारायचा, अण्णा-अव्वा धावत जायचे, आणि जर्मनी लांब आहे म्हणून दोघंही ओरडून बोलायचे. त्यामुळे सुवर्णाच्या संशोधनाची प्रगती भालकीच्या बाजाराला माझ्या आधी कळायची.

एकदा मी बूथवर माझ्या मुलाला फोन लावायला थांबलो होतो. अव्वानं तिच्यासोबत भालकीच्या कारखान्याची साखर बांधून दिली होती. ती खाल्लीस का, असं अव्वा ओरडून विचारत होती. पलीकडून उत्तर आलं ते बूथवाल्यानं स्पीकर लावल्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

"थोडी खाल्ली, अव्वा. थोडी यंत्रात घातली."

"यंत्रात? चहाच्या?"

चहाच्या नव्हे. तिनं ती साखर दाबून वडी केली होती आणि ती ज्या अदृश्य लाटांवर काम करायची त्यांच्या वाटेत धरली होती. त्या लाटा साखरेतून आरपार जातात, पण ठरावीक सुरांच्या लाटा साखर गिळते, आणि प्रत्येक पदार्थ आपापले सूर गिळतो, बोटांच्या ठशासारखे. अण्णांनी फोन ओढून घेतला. जर्मनीची साखर पण लावून बघितली का? बघितली होती. ती बिटाची. मग कुणाची सरस?

"दोन्ही सारख्याच, अप्पा."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी आवाज खाली आणला, जणू बाजाराला ऐकू जाणार नव्हतं. "जराशी तरी आपली जास्त असंल की, बाळा."

"न्हाई, अप्पा. आलंय ते आलंय."

त्या दिवशी माझ्या मुलाला फोन न लावताच मी घरी गेलो. अण्णा मात्र संध्याकाळपर्यंत सावरले होते आणि भालकीच्या साखरेत जर्मन यंत्राला काही खोट सापडली नाही, असं दुकानात सांगत होते. तेही खरंच होतं.

जर्मनीहून ती पहिल्यांदा आली ती पंचमीलाच. मोठा प्रश्न होता, तू तिथं करतेस काय? अंगण भरलं होतं. तिनं फळा मागितला नाही. धाकट्या भावजयीला झोक्यावर बसवलं.

ती म्हणाली की रेडिओच्या लाटा आणि उजेड यांच्या मधल्या लाटा असतात, त्यांना टेराहर्ट्झ म्हणतात. त्यांची झुलायची गती सेकंदाला लाख कोटी झोके. ती एका खड्यावर, खडीसाखरेसारख्या दिसणाऱ्या स्फटिकावर, लेसरचा क्षणभराचा झोत मारते, आणि त्यातून असा एकच झोका बाहेर काढते. एकदा पुढे, एकदा मागे, संपलं. तो एक धक्का ती तिच्या पदार्थाला देते.

पदार्थ कसला, हे विचारणाऱ्या अण्णांनाच तिनं दोरीचं टोक उसवायला लावलं. एक तंतू बोटांनी तुटतो. पण सगळ्यांना मिळून पीळ दिला की तंतू राहत नाहीत, दोरी होते, आणि दोरीला तिचा वेगळा स्वभाव येतो. तिच्या पदार्थांत इलेक्ट्रॉन असेच एकमेकांना पीळ घालून असतात. एकेकाला ओळखून उपयोग नाही, सगळ्यांचा मिळून स्वभाव काय ते बघावं लागतं. त्यांना क्वांटम पदार्थ म्हणतात. काही पदार्थ ती इतके गार करते की त्यापुढे बर्फ म्हणजे चूल.

"मग ढकलायचं," ती म्हणाली आणि भावजयीला हलकेच झोका दिला. "हळू ढकललं तर आपण ज्या चालीनं ढकलतो त्याच चालीनं तो झुलतोय. दुप्पट ढकला, दुप्पट झुलतोय. नवीन काय कळत न्हाई." मग ओढणी कमरेला खोचून तिनं जे ढकललं, त्यात भावजय फांदीच्या पातळीला गेली. वर टोकाला क्षणभर दोरी ढिली पडली, भावजय अधांतरी राहिली, आणि खाली येताना खाडकन हिसका बसला. बायका ओरडल्या. "हा हिसका मी दिला न्हाई," सुवर्णा म्हणाली. "मी नुसतं ढकललं. हिसका झोक्याचा सोताचा हाय. जोरात ढकललं की पदार्थ पण असंच आपल्या मनातलं बोलतोय. मी एक सूर देते, तो तिप्पट उंच सूर काढून परत देतोय. तो ऐकायला मी तिकडं राहायलेय."

अव्वाला दुसरी शंका होती. एवढ्या घाईचा झोका डोळ्याला दिसतो कसा? मग सुवर्णानं अव्वाला डोळे मिटायला लावले. झोका सोडला की लगेच एकदा पापणी उघड आणि मीट. पोरगी कुठं दिसली ते सांग. पुन्हा तस्साच झोका सोडणार. आता जराशी उशिरा पापणी उघड. पुन्हा, आणखी जराशी उशिरा. असं करत गेलं की एकेका पापणीतून सगळा झोका उभा राहतो. तिची पापणी म्हणजे दुसरी, अशक्त लाट, पहिलीच्या मागून धाडलेली.

अव्वानं दोन-चारदा पापणी मारली आणि कंटाळली. "झोका बघायचा तर डोळे उघडे ठिवून बग की, खुळे."

"तेवढा चपळ डोळा कुणाकडंच न्हाई, अव्वा."

अंगण हसलं. त्या लाटांना दमट हवा चालत नाही, वाफ त्यांना गिळते, म्हणून तिकडे यंत्राभोवती कोरडी हवा भरतात, असंही तिनं सांगितलं. त्यावर अण्णांनी ते यंत्र भालकीला वैशाखात आणायचा सल्ला दिला.

दोन हजार बारा सालच्या श्रावणात ती आली तेव्हा तिच्या कामाची बातमी पेपरात आली होती आणि कॉलेजनं सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा, सगळं. मला गुरू म्हणून व्यासपीठावर बसवलं. अध्यक्षांनी भाषणात भालकीची आवडती गोष्ट सांगितली. कधीकाळी ह्याच प्रयोगशाळेत खोटं रीडिंग लिहिणारी मुलगी आज जगाला खरं रीडिंग देते, मुलांनो, चुकीतून शिका. टाळ्या झाल्या. मी सुवर्णाकडे बघितलं. तोंडावर हसू होतं, पण ते पहिल्यांदाच बोलण्याच्या मागून आल्यासारखं, उशिरा आणि आखडतं होतं. अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी विद्यार्थ्यांनी जिद्द ठेवावी वगैरे बोललो आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी पंचमी होती. ह्या वेळी बोलावणं यायच्या आधीच मी गेलो. बायका जेवायला गेल्या होत्या, अंगणात ती एकटी होती, म्हाताऱ्या अण्णांनी बांधलेली गाठ फांदीवर चढून तपासत होती. चाळिशीची बाई, चिंचेवर.

मी खालूनच सुरुवात केली. "सुवर्णा, त्या प्रॅक्टिकलच्या दिवशी तपासनिसांना मी..."

"मनानं लिहिलं असंल म्हणालाव," ती वरून म्हणाली. "खिडकीखालच्या नळावर हात धुवायलते मी, सर."

म्हणजे आडाचा दोर निवडून दिला तेव्हाही तिला ठाऊक होतं. मी ओट्यावर बसलो. तेव्हाच का बोलली नाहीस, असं विचारलं. ती खाली उतरली, हात झटकले.

"बोलले असते तर सगळ्या वर्गाचं डिपार्टमेंटचं रीडिंग बाहेर पडलं असतं. सगळेच घरी बसले असते. मला दुकान तरी होतं." मग हसली. "राग लई आलता. वर्षभर तुमाला मनातल्या मनात ह्याच फांदीला बांधून ठिवलं."

मी माफी मागायला लागलो. तिनं हात वर केला.

"मला कामून सांगायलाव, सर? मला तर म्हाईतच हाय." आता ती हसत नव्हती. "तिकडं माझं काम एकच, रीडिंग घ्यायचं आणि आलंय ते लिवायचं. लोक माझ्या आकड्यावर विश्वास ठिवतात. आणि माझ्या सोताच्या गावात मी खोटं रीडिंग लिवणारी. नापास म्हणा, हट्टी म्हणा, दोरीवाली म्हणा, सगळं चालतंय. ते तेवढं चालत न्हाई. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांगा."

सांगतो, म्हणालो.

"मग बसा आता."

झोक्यावर. मी सवयीनं चक्कर येते म्हणालो. ती म्हणाली, चक्करीचं मला सांगू नका, मी डॉक्टर हाय. त्यातली डॉक्टर नव्हेस, असं मी म्हटलं. चालतंय, म्हणाली, आणि माझा चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

ह्या वयात फळीवर बसणंच कठीण. तिनं मला धरून बसवलं, दोन्ही हात दोरीला घट्ट लावले, पाठीला तळवे टेकले. पहिले झोके हळू होते, लंबकाच्या धड्यातले. जेवणं आटोपून बायका अंगणात यायला लागल्या. अण्णांनी दारातूनच रीत ओळखली. मास्तर बसलेत आणि सुवर्णा ढकलायलीय, एवढ्यावरून गल्लीला जे कळायचं ते कळलं. कुणीतरी विचारलं, मास्तरांचं काय चुकलं? मी वरून सांगितलं. वर जाताना थोडं, खाली येताना थोडं. तिचं रीडिंग खरं होतं. खोटं मी बोललो. आवाज किती जणांपर्यंत गेला देव जाणे; म्हणून हे लिहितो आहे.

सुवर्णानं ओढणी कमरेला खोचली आणि जोरात ढकललं. मग आणखी जोरात.

मी फांदीच्या पातळीला गेलो. कौलं खाली राहिली, दुकानाच्या छपरावरून बाजार दिसला, बूथ दिसला, कॉलेजची पाण्याची टाकी दिसली. आणि तिथं, सगळ्यात वर, हातातली दोरी ढिली पडली. झोका थांबला. पोटात गोळा आला होता, हे खरं. पण वेळही जास्त लागत होता, हेही तितकंच खरं. चष्म्याविना सगळे नुसते धूसर आकार होते, अंगणातली माणसंही. त्यात एक उंच, हडकुळी आकृती तेवढी ओळखू येत होती, दोन्ही हात वर करून, मान मागे टाकून हसणारी, मी परत यायची वाट बघत.

ती अजून पुरे म्हणाली नव्हती.